बंद दाराचं राजकारण

करमाळा तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव. पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये त्याचं स्टेशन आहे, गावात उत्तरेश्वराचं देऊळ आहे आणि इथल्या कारखान्यांतलं कुंकू तीर्थक्षेत्रांच्या बाजारपेठांत जातं. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये १७ तारखेला पंढरपुरात विठ्ठलाचं दर्शन बंद झालं. २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या. भाविक नाही म्हणून देवळासमोरचा दुकानदार माल उचलत नाही, आणि दुकानदार उचलत नाही म्हणून केमच्या कारखान्याला काम नाही. निर्बंधांचा आदेश मुंबईत निघतो आणि त्याची झळ कुंकू चाळणाऱ्या बाईच्या रोजगारापर्यंत जाते. या झळीचं राजकारण कसं होतं, पक्ष तिच्यावरून कसे फुटतात आणि मतदार खरोखर किती हलतो, हे समजून घ्यायला केमपासून पंढरपूरपर्यंतचा मुलूख फार बोलका आहे.

सुरुवात कायद्यापासून करायला हवी, कारण भांडणाचं बीज तिथंच आहे. महाराष्ट्र सरकारनं १३ मार्च २०२० ला १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. पाठोपाठ केंद्रानं २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून २४ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर केली. म्हणजे एकाच दारावर दोन सरकारांची कुलपं. केंद्रानं ८ जूनपासून, प्रतिबंधित क्षेत्रं वगळून, प्रार्थनास्थळं उघडायला परवानगी दिली. राज्यानं ती दिली नाही. केंद्रात भारतीय जनता पक्षाची सत्ता, राज्यात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांची महाविकास आघाडी. केंद्राचं कुलूप निघालं आणि राज्याचं तसंच राहिलं, त्या क्षणी राज्यातल्या विरोधी पक्षाच्या हाती एक तयार मुद्दा आला. दारूची दुकानं मे महिन्यात उघडली, मॉल ५ ऑगस्टला उघडले, मग देऊळच का बंद? हा प्रश्न सामान्य माणसालाही पटणारा होता. त्याला उत्तर होतं: बंद गाभाऱ्यात गर्दी झाली तर संसर्ग वाढतो आणि यात्रेकरू तो गावोगाव घेऊन जातात. पण हे उत्तर सांगायला दहा वाक्यं लागतात आणि प्रश्नाला एक पुरतं.

यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट ऑगस्टच्या अखेरीस दिसली. २९ ऑगस्टला भाजपनं राज्यभर देवळांसमोर घंटानाद केला. दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, पंढरपुरात आंदोलन झालं ते प्रकाश आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. त्यांची वंचित बहुजन आघाडी आणि वारकऱ्यांची एक संघटना मंदिराच्या दारात एकत्र आली. विचारानं दोन टोकांवर असलेले पक्ष एका मागणीवर आले. निर्बंधांच्या राजकारणाचं हेच वैशिष्ट्य आहे. ते डावं-उजवं पाहत नाही. कोणाचं पोट आणि कोणाची श्रद्धा बंद दाराआड अडकली आहे, त्यावर रेघ ओढली जाते. विठ्ठलाच्या दारात फुलवाला, बडव्याच्या वाड्यात खोली भाड्यानं देणारा, चुरमुरे-बत्तासे विकणारा असे सगळे जातीपातीचे लोक उभे असतात. त्यांच्यासाठी बोलणारा कोणताही पक्ष त्या दिवसापुरता त्यांचा होतो.

ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून, तुम्ही अचानक धर्मनिरपेक्ष झालात का, अशा आशयाचा सवाल केला. माझ्या हिंदुत्वाला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, असं ठाकऱ्यांनी उलट कळवलं. साथीचा प्रश्न इथं ओळखीचा प्रश्न झाला. शिवसेनेचा जो मतदार हिंदुत्वासाठी तिच्याबरोबर होता, त्याच्या मनाची तार या पत्रानं छेडली. शेवटी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, मंदिरं उघडली.

सत्तेतल्या पक्षांतही एकमत नव्हतं. मार्च २०२१ च्या शेवटी दुसरी लाट चढत असताना राष्ट्रवादीचे मंत्री नवाब मलिक यांनी पुन्हा टाळेबंदी परवडणार नाही असं उघड सांगितलं. त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं कडक निर्बंध आणले. त्यांच्या निषेधार्थ साताऱ्यात भाजपचे खासदार उदयनराजे भोसले कटोरा घेऊन रस्त्यावर बसले. त्याच भाजपचं सरकार असलेल्या उत्तर प्रदेशात जुलै २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर, कावड यात्रा थांबवावी लागली. साथीत पक्षाची भूमिका बरीचशी त्या राज्यात सत्तेची खुर्ची कोणाकडे आहे यावरून ठरते. खुर्चीवरच्या माणसाला खाटा आणि प्राणवायू मोजावे लागतात. बाहेरच्याला मोजावे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ ला कोविड पासच्या ठरावावर हुजूर पक्षाच्या सुमारे शंभर खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध मत दिलं आणि बोरिस जॉन्सन यांचा ठराव मजूर पक्षाच्या आधारानं तरला. सरकारचं बहुमत असलं तरी पक्ष एकसंध राहतोच असं नाही.

आपल्याकडे हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २०२० मध्ये वापरलेला साथरोग कायदा ज्या प्लेगसाठी झाला, त्या प्लेगनं पुण्याचं राजकारण असंच ढवळलं होतं. १८९७ च्या वसंतात इंग्रज अधिकारी रँड यांच्या प्लेग कमिटीनं गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. टिळक पुण्यातच राहिले, प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ चालवलं, स्वच्छतेची गरज मानली आणि झडतीच्या पद्धतीवर ‘केसरी’तून तुटून पडले. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी शिपायांच्या अत्याचारांची जाहीर वाच्यता केली, आणि परतल्यावर पुरावा उभा करता न आल्यानं माफी मागितली. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सप्टेंबरात राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. टिळक-गोखल्यांतला दुरावा आधीचा होता, पण प्लेगनंतर लोकांच्या मनात एक माफी मागणारा आणि एक तुरुंगात जाणारा अशी दोन चित्रं उमटली. सामान्य रयतेला तेव्हा मत नव्हतं, म्हणून निष्ठा कुठं सरकली हे मोजता येत नाही. पुढं टिळकांच्या मागे गेलेली गर्दी मात्र सर्वांनी पाहिली.

आता मोजता येईल असं उदाहरण घेऊ. पंढरपूर-मंगळवेढ्याचे राष्ट्रवादीचे आमदार भारत भालके नोव्हेंबर २०२० मध्ये गेले. त्याआधी ऑगस्टमध्ये त्यांचे जुने प्रतिस्पर्धी सुधाकरपंत परिचारक कोरोनानं गेले होते. पोटनिवडणूक १७ एप्रिल २०२१ ला झाली. राज्यात १४ एप्रिलपासून जमावबंदी होती, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. निर्बंधांबद्दलचा राग मतपेटीत कितपत उतरतो हे पाहायला याहून थेट परीक्षा नाही.

भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी निवडून आले, भालक्यांचे पुत्र भगीरथ हरले. बंद मंदिरानं सरकारच्या उमेदवाराला पाडलं, असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला. आकडे शांतपणे मांडले तर तो घाईचा वाटतो. २०१९ मध्ये भालक्यांना सुमारे ९० हजार, भाजपच्या परिचारकांना ७६ हजार आणि अपक्ष आवताड्यांना ५४ हजार मतं होती. २०२१ ला परिचारक गट आवताड्यांच्या मागे उभा राहिला. दोघांची जुनी बेरीज १ लाख ३० हजार होते, प्रत्यक्षात आवताड्यांना मिळाली १ लाख ९ हजार. भगीरथ भालक्यांना वडिलांपेक्षा सोळा हजार जास्त, म्हणजे १ लाख ५ हजारांच्या वर. सत्ताधाऱ्यांवरच्या रागाची लाट असती तर हे उलटं दिसलं असतं. वडील गेल्याची सहानुभूती होती, दोन गट एकत्र आले होते, काही माणसं भीतीनं घराबाहेर पडली नसतील. विजयाचं मुख्य कारण दोन गटांची जुळणी हेच आहे, असं माझं मत आहे.

तरीही राग शून्य होता असं म्हणणं चूक ठरेल. ३,७३३ चं अंतर मिटायला दोन हजारांहून कमी मतदारांनी कूस बदलली असती तरी पुरलं असतं. आषाढी आणि कार्तिकीच्या वाऱ्यांविना वर्ष काढलेल्या पंढरपुरात, ज्यांची चूल यात्रेवर चालते अशी दोन हजार माणसं सहज असतील. त्यांच्यापैकी कोण कुठं गेलं हे मतपत्रिका सांगत नाही. निर्बंधांचा परिणाम असाच चालतो. तो मोठा जनसमूह हलवत नाही, चुरशीच्या लढतीत काठावरची माणसं हलवतो.

काठावर कोण असतं? सोलापूर जिल्ह्यात बहुतेक मतदार पक्षाआधी गटाचा असतो. गट म्हणजे साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, ऊसतोडीची उचल आणि अडीअडचणीला येणारा फोन. करमाळ्यात लोक मामा गट, आबा गट, बागल गट, जगताप गट असंच बोलतात. २०२० च्या वसंतात मुंबई-पुण्याहून परतलेल्या माणसांना गावच्या वेशीवर अडवलं गेलं, शाळेच्या खोल्यांत चौदा दिवस ठेवलं गेलं. त्या वेळी डबा कोणी पोचवला, सोलापूर-बार्शीत खाट कोणी मिळवून दिली, हे लोकांनी लक्षात ठेवलं. निर्बंध मुंबईनं लादला, पण त्यातून वाट काढून देणारा माणूस गावातला होता. म्हणून श्रेय आणि राग दोन्ही पक्षापर्यंत पोचण्याआधी गटापाशी थांबले. गटाबाहेरचा माणूस, म्हणजे छोटा दुकानदार, रिक्षावाला, कुंकवाच्या कारखान्यातला मजूर, त्याला असा आधार कमी. तोच सरकारच्या निर्णयावर थेट मत बनवतो, आणि तोच सरकतो.

गावपातळीची परीक्षाही झाली. २०२० मध्ये व्हायच्या ग्रामपंचायत निवडणुका साथीमुळे लांबल्या आणि राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ ला मतदान ठरलं. या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. निकालानंतर प्रत्येक पक्षानं आपणच पहिले असल्याचा दावा केला, आणि कोणाचाही दावा पडताळता येत नव्हता.

रागाला टिकाऊपणाही फार नसतो. न्यूझीलंडमध्ये कडक निर्बंध लावणाऱ्या जसिंडा आर्डर्न यांच्या मजूर पक्षाला ऑक्टोबर २०२० मध्ये निम्मी मतं मिळाली. २०२३ ला तोच पक्ष २७ टक्क्यांवर आला, तोवर साथ मागे पडून महागाई पुढं आली होती. आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले. जूनअखेर आलेल्या शिंदे-फडणवीस सरकारनं दहीहंडी आणि गणेशोत्सव निर्बंधमुक्त केल्याचं मोठ्यानं सांगितलं, म्हणजे जुना राग आपल्या खात्यात जमा करून घेतला. २०२४ पर्यंत त्यावर कांद्याचा भाव, मराठा आरक्षण आणि शिवसेना-राष्ट्रवादीतली फूट असे थर चढले. ज्या माढा लोकसभा मतदारसंघात केम येतं, तिथं त्या वर्षी भाजपचा तेव्हाचा खासदार हरला आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला करमाळ्यात त्याच पक्षाकडून नारायण पाटील जिंकले, जे २०१४ ला शिवसेनेचे आमदार होते आणि २०१९ ला अपक्ष लढले होते. पंढरपुरात आवताडे पुन्हा आले. भगीरथ भालके राष्ट्रवादीतून २०२३ मध्ये तेलंगणाच्या भारत राष्ट्र समितीत आणि तिथून काँग्रेसमध्ये गेले होते. त्यांनी २०२४ ला काँग्रेसच्या चिन्हावर पुन्हा एक लाखाहून जास्त मतं घेतली.