सुकाणूकक्षाचे छप्पर (मासेमारी नौका)

यांत्रिक मासेमारी नौकेवर ज्या बंदिस्त खोलीतून तांडेल सुकाणू सांभाळतो, तिला सुकाणूकक्ष म्हणतात. कोकणातील बंदरांवर मात्र 'केबिन' हाच शब्द रूढ आहे. या कक्षाचे गळके छप्पर काढून नवे बसविणे हे लाकडी नौकांच्या दुरुस्तीतील एक नेहमीचे काम होय. घराचे कौल बदलण्याइतके ते किरकोळ वाटते. परंतु याच छपराखाली जीपीएस, व्हीएचएफ बिनतारी संच, खोली दाखविणारा इको साउंडर आणि त्यांच्या विजेच्या तारा असतात. तेथे पाणी ठिबकले, तर भर समुद्रात दिशा आणि संपर्क ही दोन्ही साधने एकाच वेळी निकामी होऊ शकतात.

रचना

कक्षाच्या भिंतींवर आडव्या तुळया बसवितात. त्या मध्ये किंचित उंच व दोन्ही बाजूंस उतरत्या असल्यामुळे पाणी साचत नाही. तुळयांवर फळ्या अथवा मरीन प्लायवूड आणि त्यावर बहुधा फायबरचा थर असतो. छपरावरच दिव्यांचा खांब व अँटेना असतात.

गळतीचे कारण

छप्पर सपाट भागातून क्वचितच गळते. ते गळते छिद्रांतून. नौका हेलकावे खाते तसा खांब हलतो, बोल्टभोवतीचे सीलंट सुटते आणि पाणी प्लायवूडच्या उघड्या कडेतून थरांमध्ये शिरते. ते लाकडातून सरकत दूरवर जाऊन ठिबकते, त्यामुळे आतून थेंब दिसतो तेथेच वरून डांबर किंवा सीलंट फासणे व्यर्थ ठरते. उलट, मुरलेले पाणी आतच कोंडले जाते. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्यावर अधिक फोफावते, हेही ध्यानात घ्यावे लागते. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिल्यास निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द आवाज देते. कूज तुळयांपर्यंत पोहोचली असेल, तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही.

छप्पर बदलणे

या कामातील खरी अडचण ऋतूची आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते व नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दुरुस्तीस सवड मिळते ती नेमकी पावसाळ्यात, लाकूड वाळत नाही तेव्हा! म्हणून जुने छप्पर मे महिन्यातच उतरविणे श्रेयस्कर. ते न साधल्यास वर ताडपत्रीचा पक्का मांडव घालून, तुळया पुरेशा वाळल्यावरच पुढील काम हाती घ्यावे लागते.

नव्या छपरासाठी भारतीय मानक आयएस ७१० नुसार बनविलेले मरीन प्लायवूड वापरतात. एकाच जाड तक्त्याऐवजी ६ मिलिमीटरचे दोन तक्ते, सांधे एकमेकांवर येऊ न देता, चिकटवून बसविल्यास तुळयांचा बाक सहज घेता येतो. त्यावर काचतंतूंचे कापड व रेझिन यांचा थर देतात. स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन सर्रास वापरले जाते. फायबरच्या नौकेस ते योग्य असले, तरी लाकडाला ते घट्ट धरत नाही. एपॉक्सी महाग, पण लाकडावर तेच टिकते. मात्र ते उन्हाने खराब होते, म्हणून वर रंग अत्यावश्यक असतो. दमट हवेत त्यावर मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन काढल्याविना पुढचा थर देऊ नये.

बोल्टची छिद्रे प्रथम मोठी पाडून एपॉक्सीच्या लुकणाने भरतात आणि ते घट्ट झाल्यावर त्यातच नेमक्या मापाचे छिद्र पाडतात. त्यामुळे सीलंट सुटले तरी पाणी लाकडाला शिवत नाही.

वजन

गळतीच्या धास्तीने जाड तक्ते व थरावर थर चढविण्याचा मोह होतो. परंतु छपराचे वजन नौकेच्या बऱ्याच उंचीवर असते. ते वाढले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेली नौका सावरण्याची शक्ती घटते. नवे छप्पर जुन्याहून जड नसावे. जुन्या थरांवर नवे थर चढविणे तर टाळावेच.

उपकरणे परत बसविण्यापूर्वी छपरावर, विशेषतः खांबाच्या बुडाशी, नळीने बराच वेळ पाणी सोडून आतून तपासणी केली जाते.