‘गिलुन’मध्ये तू आधी

पाहुणे उठताना यजमानांना म्हणतात, “आम्ही निघतो.” आणि त्यांतलाच नवरा बायकोला हळूच, “आपण निघू या.” इंग्रजीत दोन्हीकडे ‘वी’. माझ्यासारख्या भाषांतर करणारीचं घोडं इथेच अडतं. एकदा एका पत्रात ‘दुरुस्तीचा खर्च आम्ही करू’ऐवजी ‘आपण करू’ लिहून बसले. समोरच्या पार्टीने निम्मं बिल भरायला साफ नकार दिला, तेव्हा कुठे चूक ध्यानात आली.

म्हणून पॅसामाक्वॉडी-मालिसीट भाषेच्या कोशात ही जोडी भेटली तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ही भाषा अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि सीमेपलीकडे कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमध्ये बोलतात. मी म्हणजे ‘निल’, तू म्हणजे ‘गिल’. ‘निल’वरून ‘निलुन’, म्हणजे आम्ही. ‘गिल’वरून ‘गिलुन’, म्हणजे आपण. आपल्या ‘आपण’मध्ये तू कुठे दिसत नाही. तिथे ‘आपण’ची सुरुवातच ‘तू’पासून होते!

शरीराच्या अवयवांचंही तसंच. ‘न्पिह्तिन’ म्हणजे माझा हात, ‘क्पिह्तिन’ म्हणजे तुझा. हात आला की तो कुणाचा, हे शब्दातच येतं. आई-वडिलांच्या शब्दांनाही हाच नियम.

पुढे मात्र माझी पंचाईत. ‘नेगम’ म्हणजे तो किंवा ती, काहीही. त्यांचं व्याकरण स्त्री-पुरुष पाहत नाही, सजीव-निर्जीव पाहतं. मराठीत आणायचं तर पहिल्याच वाक्यात मला ठरवावं लागणार, गेला की गेली.

नावांतही ‘आपण’ आणि ‘ते’ आहेतच. पॅसामाक्वॉडी हे त्या लोकांच्याच शब्दाचं बिघडलेलं रूप. अर्थ, पोलॉक मासा भाल्याने मारणारे. ‘मालिसीट’ मात्र शेजारच्या मिगमॉ लोकांनी ठेवलेलं नाव, आणि त्याचा अर्थ अडखळत बोलणारे असा सांगतात. मालिसीट लोक स्वतःला वोलास्तोक नदीचे लोक म्हणवतात. वोलास्तोक म्हणजे सुंदर नदी. नकाशावर तिचं नाव सेंट जॉन.

डेव्हिड फ्रान्सिस आणि रॉबर्ट लेविट यांचा हा कोश 2008 साली छापून आला. फ्रान्सिस स्वतः पॅसामाक्वॉडी. आता हा कोश इंटरनेटवर आहे, आणि पुष्कळ शब्द तिथल्या माणसांच्या आवाजात ऐकता येतात. ‘गिलुन’ शोधायचा असेल तर रोमन लिपीतलं ‘के’ अक्षर टाका. लिहितात क, म्हणतात ग.