पाणी भिंतीला सोडते तेव्हा : कॅव्हिटेशनविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाहत्या किंवा हादरणाऱ्या पाण्यात एखाद्या ठिकाणी दाब इतका उतरतो की तो बाष्पदाबाच्या, म्हणजे ज्या दाबाला त्या तापमानाचे पाणी उकळू लागते त्याच्या, खाली जाऊ पाहतो. तेव्हा तेथे वाफेच्या पोकळ्या तयार होतात आणि पुढे दाब वाढताच त्या क्षणार्धात मिटतात. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. राज्यातील धरणांचा अभ्यास करणारी ‘मेरी’, अर्थात १९५९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर आहे, त्यामुळे या शहराला हा विषय परका नाही. तरीही त्याविषयीचे काही समज चिवटपणे टिकून आहेत.

गैरसमज : हे बुडबुडे हवेचे असतात. ते वाफेचे असतात आणि त्यासाठी पाणी तापावे लागत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यावरील दाब ४.२ किलोपास्कलपर्यंत उतरवला, तर हाताला मुळीच न भाजणारे ते पाणी उकळू लागते. हवा तर उलट उपायच ठरते. अमेरिकेतील ग्लेन कॅनियन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यात १९८३ च्या पुरात कॅव्हिटेशनने काँक्रीटचे अस्तर फोडले आणि सुमारे ११ मीटर खोल खड्डा पडला. दुरुस्तीच्या वेळी बोगद्यात पाण्यात हवा ओढून घेणारी खाच ठेवण्यात आली, कारण हवामिश्रित पाणी दबते आणि मिटणाऱ्या पोकळीचा तडाखा सौम्य होतो.

ही इजा गाळाच्या झिजेपेक्षा वेगळी ओळखता येते. गोदावरीच्या पुरात घासलेला दगड गुळगुळीत होतो; कॅव्हिटेशनने खाल्लेला पृष्ठभाग मात्र वाळवी लागलेल्या लाकडासारखा खडबडीत आणि छिद्राछिद्रांचा दिसतो.

गैरसमज : प्रतिकृतीत दिसले नाही, म्हणजे धरणावर होणार नाही. सांडव्याची १:५० प्रमाणातील प्रतिकृती फ्रूडच्या नियमाने, म्हणजे जडत्व आणि गुरुत्व यांचे गुणोत्तर दोन्हीकडे सारखे ठेवून, चालवली जाते. तीत प्रत्यक्षातील सेकंदाला ३० मीटरचा वेग सुमारे ४.२ मीटर होतो आणि पाण्याचे दाब पन्नासपट घटतात; पण प्रयोगशाळेतील हवा मात्र पूर्ण दाबानेच पाण्यावर बसलेली असते. पृष्ठभागावरचा दाब उणे बाष्पदाब, भागिले वेगामुळे येणारा गतिज दाब, या गुणोत्तराला कॅव्हिटेशन अंक म्हणतात. पाण्याची खोली तूर्त सोडून दिली, तर तो प्रत्यक्षात सुमारे ०.२ येतो, जेथे सांडव्याला इजेचा धोका मानला जातो, आणि प्रतिकृतीत सुमारे १०. प्रतिकृती शांत राहणार हे त्यामुळे आधीच ठरलेले असते. तिच्यावर मोजलेले दाब आणि वेग प्रत्यक्ष प्रमाणात आणून अंक काढणे, हाच तिचा या कामी खरा उपयोग.

गैरसमज : भूकंपात जलाशय म्हणजे धरणाला चिकटलेले जादा वजन. १९३३ मध्ये वेस्टरगार्ड यांनी दिलेली ही कल्पना सोपी आहे आणि आजही वापरात आहे, पण तिच्यात एक गोम आहे : चिकटलेले पाणी कधी सुटतच नाही, भिंत मागे सरली तरी ते वाटेल तेवढे ताणले जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा १०३ मीटर उंचीच्या धरणाला, त्याचा उतार जेथे बदलतो त्या पातळीच्या आसपास भेगा पडल्या. पुढे जगभरच्या संशोधकांनी आपापल्या संगणकीय पद्धती याच धरणावर ताडून पाहिल्या. त्या अभ्यासांत घेतली जाणारी ९१.७५ मीटर पाण्याची खोली आणि गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४९ पट कमाल त्वरण वेस्टरगार्डच्या सूत्रात घातले, तर पृष्ठभागाखाली ५ मीटरवर सुमारे ९० किलोपास्कलचे खेचण येते. तेथे हवेचा आणि पाण्याचा मिळून दाब सुमारे १४३ किलोपास्कल असल्याने पाणी भिंतीला धरून राहते. मात्र हे गणित धरण ताठ धरते. प्रत्यक्षात माथा पायापेक्षा कितीतरी जास्त हलतो; त्वरण नुसते दुप्पट धरले, तरी ढोबळमानाने खेचण १८० च्या घरात जाते आणि पाणी सुटते.

हे सुटणे पकडण्यासाठी पाण्याला दोन स्वभाव द्यावे लागतात : दाबले असता ताठ, आणि दाब बाष्पदाबापर्यंत उतरला की प्रतिकारशून्य. १९८३ मध्ये झिएन्किएविच आणि सहकाऱ्यांनी धरणांच्या संदर्भात नेमका हाच प्रश्न हाताळला. अडचण येते ती पोकळी मिटताना. त्या क्षणी गणितात दाबाचे टोकदार उंचवटे उठतात आणि प्रत्यक्षात नसलेल्या पोकळ्यांचा फेस शेजारच्या पाण्यात पसरतो. तो शमवण्यासाठी थोडे कृत्रिम अवमंदन, म्हणजे कंपने विझवणारा घटक, घालावे लागते, आणि ते जास्त झाले तर भिंतीवर बसणारा खरा तडाखाही त्याच्याबरोबर पुसला जातो.