जामणीच्या गवताखालचं शेत

ताडोब्यात सफारीला गेलात, तर जामणी किंवा नवेगावच्या मैदानावर जिप्सी हमखास थांबते. उंच गवत, चितळांचे कळप, नशीब असेल तर वाघ. अस्सल जंगल वाटतं ना? पण अगदी अलीकडेपर्यंत इथे शेती होती.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, अंधारी अभयारण्य १९८६ चं. १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतली गावं पुढे बाहेर हलवायला सुरुवात झाली: २००७ मध्ये बोटेझरी, नंतर नवेगाव, जामणी. माणसं गेली, शेतं मागे राहिली. मग त्या शेतांवर लगेच झाडं का नाही वाढली?

पहिलं कारण नांगराचं. आजूबाजूच्या जंगलात साग तोडला तरी खुंटातून पुन्हा फुटतो. शेतात मात्र पिढ्यान् पिढ्या खुंट, मुळं उपटून काढलेली. तिथे झाडाला बियांपासूनच सुरुवात करावी लागते, आणि गवत त्याच्या कितीतरी आधी जागा धरतं.

दुसरं कारण धानाचं. रोवण्याआधी बांधीत चिखलणी करतात. दरवर्षीच्या चिखलणीने आणि बैलांच्या पायांनी नांगराच्या तासाखाली मातीचा घट्ट थर बसतो. पाणी लवकर मुरत नाही. धानाला तेच हवं असतं. पण कोवळ्या रोपाची मुळं या थरापाशी अडतात. गवताला वरची थोडी माती पुरते.

तिसरं कारण आजचं. चितळं कोवळे शेंडे खुडतात, वन विभाग तरोटा, रानतुळस असं तण काढतो. हे थांबलं तर झुडपं शिरतील आणि मैदान हळूहळू मिटेल.

आता गंमत बघा. उपग्रहाच्या नकाशावर हा सगळा भाग फक्त 'गवताळ प्रदेश' म्हणून एका रंगात दिसतो. तेवढ्यावर विसंबलो, तर 'माणूस हटला, निसर्ग परतला' असा सोपा निष्कर्ष निघतो. तो अर्धाच खरा. चितळ जे गवत खातं आणि ज्या चितळामागे वाघ येतो, त्या गवताची जमीन शेतकऱ्याने घडवलेली आहे.

पुढच्या वेळी अशा मैदानावर थांबलात, तर वाघाची वाट बघताना गवतात सरळ रेषेतले उंचवटे शोधा. ते बांधीचे बांध असू शकतात. एखादं एकटं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड दिसलं, तर त्याच्या सावलीत कुणाचं तरी अंगण होतं का, हे गाईडला नक्की विचारा.