खरेदी एकदाच, खर्च दरवर्षी

शाळेच्या तंत्रज्ञानाचं अंदाजपत्रक म्हटलं की चर्चा खरेदीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. किती संगणक घ्यायचे, पॅनेल किती इंची, निधी समग्र शिक्षाचा, ग्रामपंचायतीचा की एखाद्या कंपनीचा. उद्घाटन होतं, फोटो काढले जातात. दोन-तीन वर्षांनी त्या खोलीला कुलूप लागलेलं दिसतं. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘निधी नाही.’ खरं तर बऱ्याच ठिकाणी निधी आलेला असतो, पण खरेदीतच तो पुरता संपलेला असतो.

खरेदीची किंमत म्हणजेच खर्च, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. तो दूर करायला सरकारचेच निकष पुरेसे आहेत. समग्र शिक्षा योजनेत एका आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) प्रयोगशाळेच्या उभारणीसाठी 6 लाख 40 हजार रुपयांपर्यंतची तरतूद एकदाच आहे. ती चालवण्यासाठी मात्र दरवर्षी 2 लाख 40 हजार, तेही पाच वर्षं. म्हणजे चालवण्याचे 12 लाख झाले, उभारणीच्या जवळजवळ दुप्पट. यात संगणक शिक्षकाचं मानधन मोठं असतं, शिवाय वीज, इंटरनेट, साहित्य. हा आकडा मंजुरीच्या कागदावर असतो, पण शाळेत होणाऱ्या चर्चेत तो सहसा येत नाही.

आता एका साध्या शाळेचं गणित मांडून पाहू. समजा पट 150 आहे आणि दहा संगणक घ्यायचे आहेत. एकाची किंमत 40 हजार धरली तर खरेदी चार लाखांची. पडद्यासकट एक संगणक साधारण 120 वॅट वीज घेतो. दहा संगणक रोज तीन तास चालले आणि शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी सांगितलेले किमान 220 दिवस धरले, तर वर्षाला सुमारे 800 युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तरी 6,400 रुपये. इंटरनेट महिन्याला 700 म्हणजे वर्षाचे 8,400. यूपीएसच्या बॅटऱ्या तीनेक वर्षांत बदलाव्या लागतात, त्याचे वर्षाला पाच हजार बाजूला काढा. हमीची मुदत संपली की दुरुस्ती आणि सुटे भाग यांसाठी किमतीच्या पाच टक्के, म्हणजे 20 हजार. बेरीज 40 हजारांच्या घरात जाते. आणि ही मशिन्स पाच वर्षांनी बदलायची असतील, तर त्यासाठी दरवर्षी आणखी 80 हजार हवेत.

दुसऱ्या बाजूला 100 ते 250 पटाच्या शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 50 हजारांपर्यंत. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे, आणि उरलेल्यात खडूपासून गळक्या कौलांपर्यंत सगळं भागवायचं. संगणकांचे 40 हजार यातून निघणार नाहीत. म्हणून खरेदीआधी मुख्याध्यापकांनी विचारायचा प्रश्न ‘किती मिळतील?’ हा नसून ‘दरवर्षी किती भरू शकतो?’ हा आहे. उत्तर 15 हजार आलं तर तीन-चार संगणकच घ्यावेत. तीन चालू संगणक दहा बंद संगणकांपेक्षा मुलांच्या जास्त उपयोगाचे.

वीज आणि वायरिंग या बाबी अंदाजपत्रकात शेवटी येतात किंवा येतच नाहीत. गावातल्या शाळेत व्होल्टेज दिवसभर वरखाली होत असतं. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसतं. पावसाळ्यात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, मग शिक्षक मुलांना बसवायलाच धजत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. नवं अर्थिंग, वेगळा एमसीबी आणि स्टॅबिलायझर यांचा खर्च एका संगणकाच्या किमतीपेक्षा कमी असतो. तो आधी करावा. वीजबिलही एकदा नीट पाहावं. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शाळांसाठी सार्वजनिक सेवेचा वेगळा गट आहे. बिलावर व्यापारी दर लागलेला दिसला, तर गट बदलण्याचा अर्ज लगेच द्यावा.

भेट मिळालेलं फुकट असतं, हाही समज पक्का आहे. कंपन्या वापरलेले संगणक शाळांना देतात, त्यामागे सद्भावना असते. पण विंडोज 10 ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्या, आणि बऱ्याच जुन्या मशिन्सवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही. भेट स्वीकारताना संगणक किती वर्षांचा, हार्ड डिस्क की एसएसडी, बॅटऱ्या कधीच्या, हे विचारण्यात संकोच कसला? देणाऱ्याला एवढंच सांगावं: पाच संगणक कमी द्या, पण तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे सोबत द्या.

जुन्या मशिन्सवर उपाय आहे आणि तो केरळने दाखवला आहे. तिथे 2001 मध्ये सुरू झालेला ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प पुढे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतरित झाला. तिथल्या शाळांचे संगणक लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीवर चालतात. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे दुय्यम माल, असं म्हणणाऱ्यांनी या शाळांकडे पाहावं. परवान्याचे पैसे वाचतातच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे शिक्षकांचं प्रशिक्षण त्याच प्रणालीवर होतं. नुसतं सॉफ्टवेअर बदलून प्रशिक्षणाची ओळ कोरी ठेवली, तर तेही खोलीत पडून राहील. केरळने हजारो वर्गांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दिले, तेव्हा पाच वर्षांची हमी खरेदीच्या अटींतच घातली होती.

इथे दरपत्रकांचा विषय निघतो. ‘सगळ्यात कमी दर असलेलंच घ्यावं लागतं’, असं सांगून निकृष्ट वस्तू आणल्या जातात. नियम तसा नाही. मागितलेल्या सगळ्या अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये ज्याचा दर कमी, त्याला काम मिळतं. अटी आपणच लिहायच्या असतात. हमी किती वर्षांची, दुरुस्ती शाळेत येऊन की मशीन तालुक्याला न्यायचं, तक्रारीनंतर किती दिवसांत, उशीर झाला तर दंड किती, हे मागणीपत्रात नसेल तर पुरवठादाराला दोष देऊन उपयोग नाही.

उपकरणं वाढली की शिकणं वाढतं, हा समज पालकांमध्ये जास्त दिसतो. ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. याच मोहिमेखाली पेरू देशाने मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम आढळला नाही.

याउलट वडोदऱ्याचं उदाहरण पाहा. गुजरात सरकारने 2000 मध्ये तिथल्या बहुतेक महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते, आणि ते फारसे वापरात नव्हते. ‘प्रथम’ संस्थेने त्यांवर चौथीच्या मुलांना आठवड्यातले दोन तास गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुलं. गणितात चांगलीच प्रगती झाली. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा खर्चही मांडला: संगणकांचं आयुष्य पाच वर्षं धरून मुलामागे वर्षाला सुमारे 722 रुपये. मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या त्याच वस्तीतल्या तरुण ‘बालसखी’चा खर्च मुलामागे 107 रुपये होता. बालसखीमुळे झालेली प्रगती थोडी कमी होती, पण रुपयामागे तीच जास्त भरली. अशी तुलना शाळेच्या पातळीवरही करता येते, आणि करायलाच हवी.

ती करायची कुणी? ‘वरून येईल ते घ्यायचं’, असं मानण्याचं कारण नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा तीच बनवते. तंत्रज्ञानाची ओळ त्याच आराखड्यात यावी, आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये व्हावं. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्राच्या घाईत केलेली खरेदी शाळेच्या गरजेपेक्षा दुकानदाराच्या साठ्याकडे पाहून होते.

शेवटची बाब निर्लेखनाची. बंद पडलेली मशिन्स हलवता येत नाहीत, अशी भीती शिक्षकांच्या मनात असते, कारण जडवस्तू नोंदवहीत त्यांची नोंद असते. ती नोंद कमी करण्याची रीतसर पद्धत आहे: समितीचा ठराव, नादुरुस्तीचा तांत्रिक दाखला आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी. त्यानंतर माल भंगारवाल्याकडे न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावा. बॅटऱ्यांमध्ये शिसं असतं आणि जुन्या जाड मॉनिटरच्या काचेतही. हार्ड डिस्क मात्र त्याआधी काढून पुसून घ्यावी. तिच्यात मुलांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक असू शकतात.