चष्मा घालवण्याआधी...

मुलीचे लग्न ठरत आले, मुलाला भरतीत उतरायचे आहे किंवा चष्म्याचाच कंटाळा आला, की घरात ‘लेझर करून टाकू’ हा विषय निघतो. शस्त्रक्रिया काही मिनिटांची, टाके नाहीत, भूल फक्त थेंबांची. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात पहिला प्रश्न येतो, ‘खर्च किती?’ खरे तर आधी विचारायला हवे, ‘माझ्या डोळ्याला हे चालेल का?’

बुबुळावरचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवले, की एक्सायमर लेझरने आजूबाजूचा भाग न भाजता ऊतीचा अतिसूक्ष्म थर काढता येतो. लॅसिकमध्ये कॉर्नियाची सुमारे ११० मायक्रॉनची पातळ झडप उचलतात, खालचा भाग लेझरने घासून आकार बदलतात आणि झडप पुन्हा बसवतात.

आता हिशेब पाहा. एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर जातो. उणे आठ नंबर असेल तर सुमारे ११० मायक्रॉन. झडपेखाली किमान २५० मायक्रॉन उरलेच पाहिजेत. जास्त उरले तर उत्तम. ५४० जाडीच्या डोळ्यात ३२० उरतात, ४८० जाडीच्या डोळ्यात २६०, म्हणजे अगदी काठावर. मैत्रिणीचे झाले, मग माझे का नाही, याचे एक उत्तर इथे आहे.

जाडीइतकाच आकार महत्त्वाचा. काहींचा कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. याला केरॅटोकोनस म्हणतात. सिलिंडर नंबर सतत वाढणे, डोळे चोळण्याची सवय, घरात कुणाला हा आजार असणे, या खुणा दुर्लक्षू नका. अशा डोळ्यावर लॅसिक केले तर कॉर्निया आणखी फुगतो आणि चष्म्यानेही नीट दिसेनासे होते. सुरुवातीचा आजार फक्त कॉर्नियाच्या नकाशात, म्हणजे टोपोग्राफीत सापडतो. तो वेळीच कळला तर क्रॉस-लिंकिंगने बहुतेकदा थोपवता येतो. म्हणून डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले, तर दुसरीकडे स्वस्तात करून घेऊ नका.

तपासणीआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे, कडक लेन्स किमान तीन आठवडे बंद ठेवा. वय १८ पूर्ण आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना थांबा. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार घ्या. भरतीसाठी करणार असाल तर त्या खात्याचे वैद्यकीय नियम आधी वाचा. सगळीकडे लेझर चालत नाही.

आणखी एक गोष्ट. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो, त्यामुळे मागचा पडदा ताणलेला असतो. लेझरने नंबर जातो, डोळ्याची लांबी तशीच राहते. म्हणून दरवर्षी पडदा तपासून घ्या. अचानक प्रकाश चमकणे, काळे ठिपके वाढणे, नजरेवर सावली येणे, असे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चाळिशीनंतर वाचायचा चष्माही लागणारच.

शस्त्रक्रियेआधीचे नंबर, कॉर्नियाची मापे आणि जाडी यांचे कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढताना ते लागतात. कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाबही प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. तेव्हा पुढच्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला ‘माझे लेझर झाले आहे’ हे आवर्जून सांगा.