खाऱ्या वाऱ्यातला गुलाब

गुलाब हा शब्द तुम्हांला नवा नाही. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. त्या भाषेत 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता पाण्याचे नाव फुलालाच मिळाले आणि उर्दूने व मराठीने ते तसेच ठेवून घेतले. मात्र हे फूल आपल्या दारात फुलवायचे असेल, तर फुलापेक्षा पाण्याचाच विचार अधिक करावा लागतो. त्यातून घर समुद्राजवळ असेल, तर मिठाचाही.

रत्नागिरीत आमचे घर समुद्रापासून फार दूर नाही. घरापुढे लहानसे अंगण आहे. त्यात एक नारळ, एक जास्वंद आणि कढीपत्त्याचे झाड आहे. काही वर्षांपूर्वी मी पुण्याहून गुलाबाची दोन रोपे आणली. एक गर्द लाल फुलाचे, दुसरे फिकट पिवळ्या फुलाचे. दोन्ही 'हायब्रीड टी' प्रकारची होती. पहिल्याच वर्षी पिवळे मेले आणि लाल रोपाने मला चांगलेच फसवले. ते कसे, हे सांगण्याआधी या गुलाबाची थोडी ओळख करून घेऊ.

'हायब्रीड' म्हणजे संकरित आणि 'टी' म्हणजे चहा. चीनमधून युरोपात गेलेल्या काही गुलाबांना ताज्या चहासारखा वास येतो, असे तिकडच्या लोकांना वाटे. म्हणून ते 'टी' गुलाब झाले. ते पुन्हा पुन्हा फुलत, पण कडक थंडीत तग धरत नसत. युरोपातल्या बागांतले दणकट गुलाब थंडी सोसत, पण इतके वारंवार फुलत नसत. या दोहोंच्या संकरातून हायब्रीड टी निर्माण झाला. १८६७ साली फ्रान्समधील गियो नावाच्या बागवानाने 'ला फ्रान्स' हा गुलाब लोकांपुढे आणला. तोच पहिला हायब्रीड टी मानला जातो. लांब सरळ दांडा, त्याच्या टोकाला बहुधा एकच मोठे फूल आणि मधोमध उंच, निमुळती होत गेलेली कळी, ही या गुलाबाची खूण. फुलवाल्याच्या दुकानात दिसणारा लांब दांड्याचा मोठा गुलाब बहुतेक वेळा हाच असतो. अत्तराचा गुलाब वेगळा. हायब्रीड टीच्या कित्येक जातींना तर फारसा वासच नसतो.

आपल्या देशात या गुलाबाला मोठा चाहता मिळाला, तो म्हणजे डॉ. बी. पी. पाल. ते गव्हाचे शास्त्रज्ञ होते. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती तयार करण्याचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले. एवढ्या कामातूनही वेळ काढून त्यांनी गुलाबाच्या अनेक नव्या जाती तयार केल्या. त्यांतल्या एका पांढऱ्या हायब्रीड टी गुलाबाला डॉ. होमी भाभांचे नाव आहे.

आता माझ्या पिवळ्या रोपाकडे वळू. मी दोन्ही रोपे हिवाळ्याच्या अखेरीस लावली. पिवळे जमिनीत, विहिरीजवळ. लाल एका मोठ्या कुंडीत. एप्रिल उजाडला. पिवळ्या रोपाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपू लागल्या. मला वाटले, ऊन वाढले आहे, रोपाला तहान लागली असेल. मी सकाळी एक कळशी पाणी घालत होतो, ते दोन कळश्या केले. कडा अधिकच करपल्या. मग मी संध्याकाळीही पाणी घालू लागलो. मे महिन्याच्या मध्यावर रोप वाळून काटकी झाले.

चूक पाण्यातच होती. उन्हाळ्यात समुद्राजवळच्या विहिरींची पातळी खाली जाते आणि पाणी मचूळ होते. ते भांडी घासायला चालते, पण गुलाबाला चालत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. मीठ फोडीतले पाणी बाहेर ओढते. मातीत मीठ साठले की मुळांचीही तीच अडचण होते. भोवती ओल असते, पण मुळांना ती घेता येत नाही. मी जितके पाणी घालत होतो, तितके मीठ वाढत होते. पाण्यात उभे राहून रोप तहानेने मेले.

तेव्हापासून उन्हाळ्यात गुलाबाला नळाचे पाणी द्यायचे आणि ते एकदाच, पण भरपूर द्यायचे, असे ठरवले. कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घालावे. म्हणजे मातीत साठलेला थोडाफार खारही त्याबरोबर निघून जातो. कुंडीत ओल टिकावी म्हणून कोकणात नारळाची सोडणे घालतात. ती खाऱ्या पाण्यात भिजलेली असतील, तर एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघाल्याशिवाय वापरू नयेत. मासळी धुतलेले पाणी झाडांना घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ताज्या मासळीचे पाणी कधीमधी चालेल. सुक्या खारवलेल्या मासळीचे मात्र गुलाबाजवळ नेऊ नये. (ताज्या मासळीच्या पाण्याने मांजरे येऊन कुंडी उकरतात, हा माझा अनुभव आहे.)

मीठ केवळ पाण्यातून येत नाही. वाऱ्याबरोबर लाटांचे बारीक तुषार उडतात. त्यांतले पाणी उडून जाते आणि मीठ पानांवर बसते. नवी, तांबूस, कोवळी फूट त्याने काळी पडते. यावर भिंत बांधावी असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. पण भरीव भिंतीला धडकलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे घेत खाली येतो. त्यापेक्षा मेंदीचे किंवा अडुळशाचे कुंपण बरे. वारा त्यातून गाळून येतो. आमच्याकडे कुंपण वाढेपर्यंत मी नारळाच्या झावळ्यांचा झाप उभा केला होता. विणीतल्या फटींमुळे तो भिंतीपेक्षा चांगला ठरला. फक्त झापाची सावली रोपावर पडता कामा नये. गुलाबाला दिवसातून पाच-सहा तास ऊन हवेच.

पानांवर बसलेले मीठ गोड्या पाण्याने धुऊन टाकता येते. पण इथे एक पेच आहे. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणारी एक बुरशी असते. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सात तास किंवा त्याहून जास्त ओले राहावे लागते. म्हणजे मिठासाठी पाने धुवावीत, तर बुरशीचे फावते. बुरशीसाठी कोरडी ठेवावीत, तर मीठ पाने जाळते. यातून वाट निघते ती वेळ पाळून. पाने सकाळी लवकर धुवावीत, म्हणजे दहा वाजेपर्यंत उन्हाने सुकतात. संध्याकाळी धुतलेली पाने रात्रभर ओली राहतात.

पावसाळ्यात हा उपाय चालत नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. तेव्हा कुंडी पडवीच्या कडेला, उजेडात पण पागोळीपासून दूर ठेवावी. ठिपके पडलेली पाने रोज खुडून अंगणाबाहेर टाकावीत. कुंडीत ती गळून पडली, तर रोग तिथेच राहतो. माती शेणखत घालून भुसभुशीत केलेली असावी. जांभ्याची नुसती लाल माती पावसात धुपते आणि तिच्यातले सत्त्वही वाहून जाते.

माझे लाल रोप पहिल्या पावसाळ्यात पडवीत होते आणि ते जोमाने वाढले. ऑगस्टपर्यंत त्याला माझ्या उंचीएवढ्या चार फांद्या आल्या. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवत असे. कळी मात्र एकही नाही. सप्टेंबरात आमच्या ओळखीचे एक चाचा घरी आले. त्यांनी आयुष्यभर बागकाम केले होते. रोपाकडे पाहून ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही गुलाब नाही, त्याचा खुंट वाढवलात!"

हायब्रीड टी गुलाब सहसा स्वतःच्या मुळांवर वाढवत नाहीत. दणकट रानगुलाबाच्या खोडावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात आणि सालीखाली चांगल्या गुलाबाचा एक डोळा बसवतात. याला डोळा भरणे म्हणतात. खालचा भाग तो खुंट. डोळ्यातून फुटते तो आपला गुलाब. पण खुंट जिवंत असतो आणि संधी मिळाली की स्वतःच फुटतो. चाचांनी माती बाजूला सारून जोड दाखवला. चारही फांद्या जोडाच्या खालून आल्या होत्या. जोडाच्या वर बोटभर लांबीची एक हिरवी काडी तेवढी उरली होती. पुष्कळदा खुंटाच्या पानाला सात पर्णिका असतात आणि आपल्या गुलाबाला पाच. पण ही खूण दर वेळी खरी ठरत नाही. फांदी कुठून फुटली, हेच पाहावे.

चाचांनी कात्री मागितली नाही. नुसती कापली तर तिथूनच पुन्हा फुटते, म्हणून त्यांनी प्रत्येक फांदी बुडापासून खाली ओढून उपटली. चार महिन्यांची वाढ पाच मिनिटांत जमिनीवर पडली. मला फार वाईट वाटले. कुंडीत ती बोटभर काडीच राहिली.

ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर गुलाबाची छाटणी करतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका छाट द्यायचा, असा नियम आहे. माझ्या रोपाला छाटण्यासारखे काही नव्हतेच. मी वरचे वाळलेले टोक तेवढे काढले आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळली. पंधरा दिवसांनी काडीला दोन तांबूस कोंब आले. रोज सकाळी मी आधी जोडाखाली बोट फिरवून पाहत असे आणि मगच वर बघत असे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका कोंबाच्या टोकाशी कळी आली. ती उमलायला नऊ दिवस लागले. फूल लाल होते. चाचांना दाखवण्यासाठी मी ते खुडले नाही. त्यांनाच घरी बोलावले.